जुनी बॉक्स्टर घेताना: ९८६ की ९८७?

पोर्शेची बॉक्स्टर म्हणजे दोन आसनांची, उघडणाऱ्या टपाची, इंजिन सीटच्या पाठीमागे मधोमध बसवलेली गाडी. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात पहिल्या पिढीची बॉक्स्टर नव्या हॅचबॅकच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळून जाते. त्यामुळे लंडन, स्लाव किंवा लेस्टरला स्थिरावलेल्या आपल्या मंडळींना तिचा मोह पडतो. मग प्रश्न येतो, की ९८६ घ्यावी (१९९६ ते २००४) की ९८७ (२००४ अखेर ते २०१२)?

बहुतेक जण दिवे आणि डॅशबोर्ड पाहून पिढी निवडतात. ९८६ चे पुढचे दिवे अंड्याच्या पोळ्यासारखे पसरलेले, आतलं प्लॅस्टिक हलकं. ९८७ दिसायला नेटकी, आतून भरीव. हा फरक खरा आहे, पण पैसे बुडतात ते इंजिनात. इंजिनाच्या हिशेबानं खरी सीमारेषा ९८७ च्या पोटातच आहे, २००९ च्या मॉडेलवर. तेव्हा आधी इंजिन ठरवा, पिढी आपोआप ठरेल.

१. आधी इंजिनांची वंशावळ पाठ करा

- ९८६, १९९७ ते १९९९ मॉडेल: २.५ लिटर, २०४ अश्वशक्ती. ‘एस’ ही जास्त ताकदीची आवृत्ती अजून आलेली नव्हती.
- ९८६, २००० ते २००२: साधी २.७ लिटर, २२० अश्वशक्ती, एस ३.२ लिटर, २५२.
- ९८६, २००३ आणि २००४: तीच इंजिनं, २२८ आणि २६० अश्वशक्ती. टपाच्या मागच्या प्लॅस्टिक खिडकीच्या जागी खरी काच आली.
- ९८७, २००५ आणि २००६: २.७ लिटर, २४०, एस ३.२ लिटर, २८०.
- ९८७, २००७ आणि २००८: २.७ लिटर, २४५, एस ३.४ लिटर, २९५.
- ९८७, २००९ ते २०१२: साधी २.९ लिटर, २५५, एस ३.४ लिटर थेट इंधन फवारणीची, ३१०. इंजिन मुळापासून नवं. जुन्या टिपट्रॉनिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जागी सात गिअरची, दोन क्लचची पीडीके.

इथे पहिला सापळा. मॉडेल वर्ष आणि नोंदणीचं वर्ष एक नसतं, कारण पुढच्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षीच बाजारात येतं. त्यामुळे नंबरप्लेटवरून अंदाज बांधू नका, चासी नंबर वाचा. दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: व्ही म्हणजे १९९७, डब्ल्यू १९९८, एक्स १९९९, वाय २०००, मग १ ते ९ आकडे म्हणजे २००१ ते २००९, पुढे ए, बी, सी म्हणजे २०१० ते २०१२. अकरावं अक्षर कारखान्याचं: एस म्हणजे श्टुटगार्ट, यू म्हणजे फिनलंडमधलं उसिकाउपुंकी. फिनलंडची गाडी कमअस्सल असते, ही नुसती वदंता आहे, तिच्यापायी जास्त पैसे मोजू नका. बारावा आकडा ६ असेल तर ९८६, ७ असेल तर ९८७.

२. बेअरिंगचं प्रकरण नीट समजून घ्या

बॉक्स्टरचं नाव काढलं की लोक ‘आयएमएस’ म्हणून घाबरवतात. हे आहे काय? २००८ पर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या खाली एक मधला शाफ्ट (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणजेच आयएमएस) फिरतो. क्रँककडून साखळीनं गती घेऊन तो ती कॅमशाफ्टकडे पोचवतो. या शाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग आहे. सील जुनं झालं की ऑइल आत झिरपतं, मूळ ग्रीस धुऊन निघतं आणि तेच मळकं ऑइल आत अडकून राहतं. बेअरिंग झिजलं की शाफ्ट डगमगतो, साखळीचं टायमिंग सरकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. त्यानंतर दुरुस्ती म्हणजे दुसरं इंजिन.

सगळ्या वर्षांना धोका सारखा नाही. १९९७ ते १९९९ च्या गाड्यांत दुहेरी ओळीचं बेअरिंग आहे, ते बऱ्यापैकी टिकतं. २००० आणि २००१ मध्ये दोन्हींपैकी कोणतंही निघू शकतं. तिथून २००५ पर्यंत एकेरी ओळीचं, आणि बदनामी झाली ती याची. अमेरिकेत याच काळातल्या गाड्यांच्या मालकांनी सामूहिक दावा लावला होता. २००६ ते २००८ मध्ये मोठं बेअरिंग आलं. ते क्वचितच दगा देतं, पण इंजिनाचं कवच उघडून दोन भाग केल्याशिवाय बदलता येत नाही. २००५ मॉडेलच्या गाड्यांत लहान-मोठं दोन्ही सापडतं. गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील उतरवल्यावर फ्लँजच्या मधला नट १३ मिलिमीटरचा दिसला तर लहान, २२ चा दिसला तर मोठं. २००९ पासून हा शाफ्टच नाही, त्यामुळे प्रश्नच मिटला.

बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी क्लचच्या कामाइतकीच. म्हणून शहाणे लोक क्लच, बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील ही तिन्ही कामं एकदम उरकतात. ‘बेअरिंग बदललंय’ हे विक्रेत्याचं तोंडी वाक्य धरू नका. कोणत्या बनावटीचं, कोणत्या तारखेला, किती मैलांवर, हे लिहिलेलं बिल पाहिजे. बदललेलं बेअरिंगसुद्धा जन्मभराचं नसतं. काही बनावटींना ठरावीक मैलांनी पुन्हा बदलायची अट असते, तीही बिलावरून कळते.

आणखी एक, वाचायला उलटं वाटेल असं. वीस वर्षांत पंचवीस हजार मैल चाललेली, गॅरेजात झाकून ठेवलेली गाडी या बाबतीत सुरक्षित नसते. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साचतं, बेअरिंगला तेच बाधतं. दर आठवड्याला लांब पळणारी, वर्षातून एकदा न चुकता ऑइल बदललेली नव्वद हजार मैलांची गाडी जास्त भरवशाची.

३. सिलिंडरवरचे ओरखडे

बेअरिंगच्या गोंगाटात हा दोष झाकला जातो, आणि ९८७ घेणाऱ्यानं खरं तर याच्याकडे आधी बघावं. पिस्टनवरचा लेप उडतो, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे उठतात, इंजिन ऑइल पिऊ लागतं. २००७-०८ च्या ३.४ लिटर एसमध्ये हे जास्त ऐकू येतं, २.७ मध्ये फारच कमी. लक्षणं अशी: चालू इंजिनात एका बाजूनं टकटक, वाढता ऑइल खप, त्या बाजूचे स्पार्क प्लग काळे. पोर्शेच्याच ९११ या गाडीसाठी सांगतात ती ‘एकाच बाजूचा सायलेन्सर पाइप काळा’ ही खूण बॉक्स्टरला लावू नका. इथे दोन्ही बाजूंचा धूर एकाच सायलेन्सरमधून मधोमध बाहेर पडतो.

खात्री करायची तर कॅमेऱ्याची नळी आत घालून सिलिंडर बघावे लागतात. प्लगच्या भोकातून वरचा भाग दिसतो. ओरखडे खालच्या भागात असले तर ऑइलचा संप काढून खालून बघणं चांगलं. ३.४ लिटरची २००७-०८ ची एस घेत असाल, तर ही तपासणी झाल्याशिवाय बयाणाही देऊ नका.

४. कर आणि युलेझ

नवख्या माणसाची इथे हमखास गफलत होते. ब्रिटनमधला वार्षिक रस्ताकर नोंदणीच्या तारखेवर ठरतो.

- १ मार्च २००१ पूर्वी नोंद झालेली गाडी: कर इंजिनाच्या आकारावर, सगळ्यांत सोपा.
- त्यानंतर २२ मार्च २००६ पर्यंत: कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर (किलोमीटरला किती ग्रॅम), पण २२५ च्या पुढे कितीही असला तरी कर ‘के’ या करपट्टीच्या वर जात नाही.
- २३ मार्च २००६ पासून: २२६ ते २५५ असेल तर ‘एल’, त्याहून जास्त असेल तर ‘एम’. हा कर ‘के’ च्या दीडपटीहूनही जास्त बसतो.

म्हणजे फेब्रुवारी २००६ ची एस आणि मे २००६ ची एस, दोन्ही तशाच, पण दुसरीला दरवर्षी काहीशे पौंड जास्त. आकडा व्ही ५ सी वर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, छापलेला असतो, गिअरबॉक्सप्रमाणे तो बदलतो, म्हणून त्याच गाडीचा कागद पाहा.

लंडनमध्ये राहत असाल तर युलेझही, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणारा पट्टाही बघा. ऑगस्ट २०२३ पासून तो लंडनच्या सगळ्या बरोंना (प्रशासकीय विभागांना) लागू आहे आणि न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. पेट्रोल गाडीला युरो ४ ची अट आहे. ९८७ ला सहसा अडचण येत नाही. ९८६ चं मात्र गाडीगणिक वेगळं असतं. गाडीचा नंबर लंडन वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर घालून बघा. तिथे नकार आला तरी व्ही ५ सी वर नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा ०.०८ किंवा कमी छापलेला असेल तर अर्ज करून सूट मिळू शकते.

५. घरबसल्या करायची चाळणी

सरकारी संकेतस्थळावर नुसता नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, सगळा इतिहास फुकट दिसतो. पास-नापास यापेक्षा शेरे वाचा. बॉक्स्टरच्या बाबतीत नेहमी दिसणारे शेरे: पुढची स्प्रिंग तुटलेली, ब्रेक डिस्कच्या आतल्या बाजूला गंज, मागच्या टायरांची आतली कड झिजलेली, खालचे आर्म ढिले. एक-दोन शेरे असणारच. तोच शेरा तीन वर्षं सलग आला असेल तर मालकानं खर्च टाळलाय, हे समजा. दोन एमओटींमधले मैलही बघा. वर्षाला पाचशे मैल चाललेली वर्षं असतील तर क्रमांक दोन पुन्हा वाचा.

मग पैसे भरून कर्जबोजा आणि अपघाताची नोंद तपासणारा अहवाल काढा. कर्ज फिटलेलं नसेल तर गाडी कर्ज देणाऱ्याच्या मालकीची असू शकते, तुम्ही पैसे दिलेत म्हणून ती तुमची होईलच असं नाही.

६. गाडीपाशी

सोबत न्या: टॉर्च, टायरची खोली मोजायची पट्टी, रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर ते, हातमोजे, गुडघ्याखाली टाकायला जुनी चादर.

फोनवरच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं. पोचल्यावर सायलेन्सरला हात लावून बघा. गरम लागला तर विक्रेत्याला काहीतरी लपवायचंय, असं धरून चाला.

इंजिन दिसेल अशी आशा ठेवू नका. मागची डिकी उघडली की ऑइल आणि कुलंट भरायची दोन तोंडं दिसतात, बाकी सगळं सीटमागच्या आणि टपाखालच्या झाकणांआड. ९८६ ला ऑइल मोजायची काठी आहे, ९८७ ला काढून टाकली आहे, पातळी डॅशबोर्डवरच वाचायची. मागच्या डिकीचा गालिचा उचलून हात फिरवा. ओला किंवा चिकट, गोडसर वासाचा असेल तर कुलंटची टाकी तडकली आहे. हा दोष नेहमीचा आहे. भाग महाग नाही, पण बसवायला वेळ लागतो.

इंजिन सुरू करताना मागे कोणालातरी उभं करा. आडव्या सहा सिलिंडरांच्या इंजिनातून सुरुवातीला निळसर धुराचा एखादा भपका निघाला तर घाबरू नका. पांढरा धूर लोटच्या लोट येऊन थांबेना, तर ऑइलची वाफ वेगळी करणारा सेपरेटर फाटला आहे. पक्की परीक्षा म्हणजे इंजिन चालू ठेवून डिकीतलं ऑइलचं झाकण उघडणं. किंचित ओढ जाणवणं ठीक. झाकण निघतच नाही इतकी ओढ असेल तर सेपरेटर गेला.

आता टप. ९८६ चा टप गाडी उभी आणि हँडब्रेक ओढलेला असतानाच हलतो. ९८७ चा ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही उघडतो. वरची कडी दोन्हींत हातानंच सोडवायची. वेळ साधारण १२ सेकंद. दोनदा पूर्ण उघडायला आणि मिटायला लावा. दोन्ही बाजू एकाच वेगानं हलतात का बघा. एक बाजू मागे पडली तर दांड्यांचे प्लॅस्टिक सांधे निसटले आहेत किंवा केबल गेली आहे, आणि तसाच दाबत राहिलं तर अख्खा सांगाडा वाकतो. २००२ पर्यंतच्या गाडीत प्लॅस्टिकची खिडकी थंडीत कडक होऊन घडीवर चिरते. म्हणून टप अर्ध्यावर थांबवून खिडकीची घडी हातानं आत ढकलून मग पूर्ण उघडतात. विक्रेता हे आपणहून करत असेल तर त्याला गाडीची माया आहे.

टपाच्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांत पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या मोऱ्या असतात. पानं साचून त्या तुंबल्या की पाणी सीटखाली जातं, आणि ९८६ मध्ये चोरीरोधक यंत्रणेचा कंट्रोल युनिट सीटखालीच आहे. तो भिजला तर चावी, लॉक, अलार्म सगळं वेड्यासारखं वागतं. सीटखालच्या गालिच्यावर तळहात दाबून धरा. मुंबई-पुण्याच्या पावसात वापरलेली ९८७ बघत असाल तर ही तपासणी सगळ्यांत आधी.

पुढच्या बंपरच्या दोन्ही जाळ्यांतून टॉर्च मारा. आत रेडिएटर आणि त्यापुढे एसीचे कंडेन्सर असतात. तिथे कुजलेल्या पानांचा थर असेल तर मागचं ॲल्युमिनियम खाल्लेलं निघतं. एसी चालत नाही आणि विक्रेता ‘फक्त गॅस भरायचाय’ म्हणतो, तेव्हा कारण बहुधा इथेच असतं.

टायर चारही एकाच कंपनीचे आणि बाजूवर एन अक्षरापुढे आकडा असलेले, म्हणजे पोर्शेनं मान्य केलेले आहेत का पाहा. चार आकडी तारखेत पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष.

७. लिफ्टवर चढवून, संगणक लावून

पोर्शेचं काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजकडून तपासणी करून घ्या. विक्रेत्यानं सुचवलेल्या गॅरेजकडून नको. नुसतं ‘तपासा’ म्हणू नका, लेखी यादी द्या:

- इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर ऑइल. नुसता ओलावा चालतो, थेंब टपकत असतील तर सील.
- ऑइल फिल्टर काढून घड्यांत चमकणारा चुरा आहे का. लोहचुंबकाला चिकटणारा चुरा म्हणजे पोलाद, शंका थेट बेअरिंगवर.
- इंजिन नंबर: एम ९६, एम ९७ की एमए १. चासी नंबरच्या वर्षाशी जुळत नसेल तर इंजिन बदललेलं आहे, त्याचं बिल मागा.
- कॅमशाफ्टचं विचलन. २००२ पर्यंतच्या इंजिनांत साखळीचे पॅड झिजतात. दोन्ही बाजूंचा आकडा उणे ६ ते अधिक ६ अंशांच्या आत हवा.
- ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याची नोंद. पहिल्या गटातल्या नोंदी म्हणजे इंजिन मर्यादेपर्यंत फिरवलं, हरकत नाही. दुसऱ्या गटातल्या म्हणजे वरून चुकीच्या खालच्या गिअरमध्ये टाकलं. त्या अलीकडच्या तासांतल्या असतील तर गाडी सोडा. २००९ नंतर गट सहा आहेत. तिथे वरच्या गटांत काही सापडलं तर तोच नियम.

विक्रेता लिफ्टवर चढवू देत नसेल, तर तिथूनच परत फिरा.

८. मग कोणी कोणती घ्यावी?

पैसे मोजके आणि मन मोकळं असेल तर २००३-०४ ची ९८६, शक्यतो बेअरिंग आणि क्लच बिलासकट बदललेली. काच खरी, पॅड असलेली जुनी साखळीरचना गेलेली. गाडीच्या किमतीचा निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. तो नसेल तर स्वस्तातली पोर्शे तुम्हाला परवडणारी नाही. १९९७-९९ ची २.५ फक्त ज्याला जुनेपणाचीच हौस आहे त्यानं घ्यावी.

मधल्या पैशांत सगळ्यांत हिशेबी निवड म्हणजे २००६ ते २००८ ची साधी २.७ लिटर ९८७. मोठं बेअरिंग, ओरखड्यांचा धोका कमी. ताकद कमी वाटेल, पण ही गाडी सरळ रस्त्यावर शर्यत लावायला घ्यायची नसतेच. त्याच काळातली ३.४ एस अनेकांना हवीहवीशी वाटते. माझ्या मते तीच सगळ्यांत जपून घ्यायची.

आणि निर्धास्त वापरायची तर २००९ नंतरची २.९ लिटर, हाताच्या गिअरची. पीडीके उत्तम आहे, पण तिच्या आतला एखादा सेन्सर गेला तरी बिल मोठं येतं, म्हणून पीडीके घ्यायची तर ऑइल बदलल्याच्या नोंदी पाहिजेतच.

काही वर्षांनी गाडी महाराष्ट्रात न्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही, आणि या दोन्ही पिढ्या ती मर्यादा केव्हाच ओलांडून गेल्या आहेत.

९. पैसे देताना

हातात घ्यायची कागदपत्रं आणि वस्तू:

- व्ही ५ सी, आणि त्यावरचा पत्ता विक्रेत्याच्या घराचाच आहे ना. हा कागद मालकीचा पुरावा नसतो, त्यावर फक्त गाडी ठेवणाऱ्याची नोंद असते. म्हणून विक्रीची सही केलेली पावती वेगळी घ्या.
- सर्व्हिस पुस्तक आणि सुटी बिलं. नुसते शिक्के पुरेसे नाहीत.
- दोन्ही चाव्या, दोन्ही चालवून बघा.
- चाकाच्या लॉकिंग बोल्टची किल्ली. पुढच्या डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीत असते. ती हरवली असेल तर पंक्चर काढायलाही चाक उतरणार नाही.
- ९८६ चा मूळ रेडिओ असेल तर त्याचा कोड.

आधीच्या मालकानं भरलेला रस्ताकर तुमच्या नावावर येत नाही. विमा आणि कर दोन्ही भरूनच गाडी दारातून बाहेर काढा. विमा घेताना ठरलेल्या किमतीचा मागा, नाहीतर अपघातानंतर कंपनी बाजारभाव सांगेल तो मान्य करावा लागतो.

१०. पहिल्या महिन्यात

ऑइल आणि फिल्टर बदला, पोर्शेची ए ४० मान्यता असलेलं ०डब्ल्यू-४०, आणि यापुढे मैल कितीही झाले तरी वर्षातून एकदा. टपाच्या मोऱ्या गवत कापायच्या यंत्राच्या मऊ नायलॉन तारेनं साफ करा, हवेचा फवारा मारू नका, आतली नळी निसटते. पुढच्या जाळ्यांतली पानं काढून बारीक जाळी बसवून घ्या. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरीला देखभाल चार्जर लावून ठेवा, कारण ९८७ ची पुढची डिकी विजेवर उघडते आणि बॅटरी त्याच डिकीत आहे. बॅटरी उतरलीच तर फ्यूजच्या पेटीतलं लाल टोक बाहेर ओढून त्याला दुसऱ्या बॅटरीची धन तार आणि गाडीच्या धातूला ऋण तार लावा, मग डिकीचं बटण दाबा.